पेसमेकर: चालत्या क्लस्टरवर फाईल सिस्टिमला हात घालताना

क्लस्टर सॉफ्टवेअर म्हणजे एक सर्व्हर बंद पडला तर त्याचं काम दुसऱ्यावर उठवणारं सॉफ्टवेअर. त्याचा डेमो कुणाचाही बघा, एकच असतो. एका नोडची, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरची, पॉवर काढायची, दुसऱ्यावर सगळं उठलेलं दाखवायचं आणि टाळ्या घ्यायच्या. ते आता बहुतेकांना जमतं, आणि नोड मरणं ही माझ्या नोकरीत तशी क्वचितची गोष्ट आहे. नेहमीची गोष्ट वेगळी. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, येऊन म्हणतात, "मॅडम, अजून एक माउंट पॉइंट लागेल, पण डेटाबेस बंद करता येणार नाही." माउंट पॉइंट म्हणजे फाईल सिस्टिम जिथे जोडली जाते ती डिरेक्टरी. कुठली तरी फाईल सिस्टिम ९५ टक्क्यांवर गेलेली असते. एखादी जुनी, कुणीच न वापरणारी, काढून टाकायची असते. क्लस्टर चालू, अ‍ॅप्लिकेशन चालू, लोक लॉगिन झालेले, आणि कुणाला पत्ता लागू न देता खालचं स्टोरेज बदलायचं. पेसमेकर हे लिनक्सवरचं असंच एक क्लस्टर सॉफ्टवेअर, त्याला मी या कसोटीवर लावलं आहे. हा रिव्ह्यू तेवढ्यापुरताच.

माझी मांडणी साधी आहे: दोन नोड, मल्टिपाथवरून (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग) दोघांना दिसणारे सॅनचे लन (सामायिक स्टोरेजवरच्या डिस्क), त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारा थर), त्यावर एक्सएफएस ही फाईल सिस्टिम. एका वेळी एकाच नोडवर माउंट. पेसमेकर २ च्या मालिकेतला, खाली नोडमधला संवाद सांभाळणारं कोरोसिंक ३, आणि कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) तुटू नये म्हणून तिसऱ्या जागी जादा मत देणारं एक क्यूडिव्हाइस. सगळी कामं पीसीएस या कमांडने. सीआरएम-शेल ही दुसरी कमांड वापरणारेही पुष्कळ आहेत, पण मला सवय पीसीएसची.

माझं मत कुठून येतं तेही सांगते. मी या धंद्यात सन क्लस्टरवर शिकले, तेच पुढे ओरॅकल सोलारिस क्लस्टर झालं. क्लस्टर जी गोष्ट सुरू-बंद करतो तिला रिसोर्स म्हणतात, आणि तिथे एचए-स्टोरेज-प्लस नावाचा रिसोर्स टाइप आहे. त्याच्या एका प्रॉपर्टीत माउंट पॉइंटची यादी असते आणि रिसोर्स ऑनलाइन असताना त्या यादीत "प्लस-इक्वल" करून नवा पॉइंट घालता येतो, "मायनस-इक्वल" करून काढता येतो. त्याआधी प्रत्येक नोडच्या व्हीएफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं याची फाईल) ओळ हवी आणि "बूटवेळी माउंट" या रकान्यात "नो" हवं, एवढीच अट. झेडएफएस असेल तर तेही नाही. पूल क्लस्टरच्या ताब्यात दिला की त्याच्या आत किती डेटासेट केले याच्याशी क्लस्टरला देणंघेणं नसतं. चालत्या क्लस्टरवर स्टोरेज बदलणं हे तिथे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेलं होतं, मॅन्युअलमध्ये त्याची वेगळी प्रकरणं होती. अशा घरातून आलेल्या माणसाला पेसमेकर सुरुवातीला जरा रांगडा वाटतो. मलाही वाटला.

पेसमेकरमध्ये यादी नाही. प्रत्येक फाईल सिस्टिम हा स्वतंत्र रिसोर्स, त्याला चालवणारा "फाईलसिस्टिम" नावाचा एजंट. एजंट म्हणजे शेवटी एक शेल स्क्रिप्ट: स्टार्टला माउंट, स्टॉपला अनमाउंट, मॉनिटरला पाहणी. ही मला या सॉफ्टवेअरची सगळ्यात आवडती बाजू. काही अडलं की स्क्रिप्ट उघडायची आणि वाचायची, कुठल्या सपोर्ट तिकिटाची वाट बघायची नाही. हे रिसोर्स एका ग्रुपमध्ये ओळीने लावायचे: आधी व्हॉल्यूम ग्रुप चालू करणारा एलव्हीएम-अ‍ॅक्टिव्हेट, मग फाईल सिस्टिम, मग आयपी, मग डेटाबेस. ग्रुप वरून खाली सुरू होतो आणि खालून वर बंद होतो. समजायला सोपं, आणि नेमकं इथेच चालत्या क्लस्टरवर काम करणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं.

कारण असं. ग्रुपमधल्या खालच्या रिसोर्सला वरचा प्रत्येक रिसोर्स चालू लागतो. मधे एखादा नवा रिसोर्स घुसवला आणि तो अजून सुरू झालेला नसेल, तर पेसमेकर काय करणार? खालचं सगळं थांबवणार, नवं सुरू करणार, मग खालचं पुन्हा उठवणार. त्याच्या हिशोबाने हे शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या हिशोबाने डेटाबेस भर दुपारी रिस्टार्ट झाला. पीसीएसची कमांड मुकाट्याने "ओके" म्हणून परत येते, आणि तुम्ही काय मागितलंत ते तुम्हाला फोनवरून कळतं. "हे केल्याने अमुक रिसोर्स थांबतील, चालेल का?" असा एक प्रश्न या कमांडने विचारायला हवा होता. एचए-स्टोरेज-प्लसमध्ये हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिथे रिसोर्स तोच राहतो, फक्त त्याची यादी वाढते.

बरं, यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे. समजा चालू व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा आहे आणि डेटाबेसच्या आर्काइव्हसाठी नवी फाईल सिस्टिम हवी आहे. अ‍ॅक्टिव्ह नोडवर लॉजिकल व्हॉल्यूम बनवायचा, त्यावर एक्सएफएस फॉरमॅट करायचं. माउंटची डिरेक्टरी दोन्ही नोडवर बनवायची. दुसरा नोड इथे हमखास राहतो, म्हणून दोनदा लिहिते: दोन्ही नोडवर. एफएसटॅबमध्ये (लिनक्सवरची तशीच माउंटची फाईल) ओळ घालायची नाही. लिनक्सच्या सेवा सांभाळणारा सिस्टिमडी ती वाचून स्वतःचं माउंट युनिट तयार करतो आणि मग एकाच डिस्कचे दोन मालक होतात. आता क्लस्टरची मेंटेनन्स-मोड प्रॉपर्टी ट्रू करायची. या क्षणापासून पेसमेकर काही सुरू करत नाही, काही थांबवत नाही, नेहमीची मॉनिटरिंगही बंद ठेवतो. डेटाबेस आपला चालूच.

मग फाईल सिस्टिम हाताने माउंट करायची, रिसोर्समध्ये जे ऑप्शन लिहिणार आहात त्याच ऑप्शनने. त्यानंतर पीसीएसने रिसोर्स बनवायचा आणि ग्रुपमध्ये डेटाबेसच्या आधी, "बिफोर" देऊन, बसवायचा. इथे पेसमेकरची एक फार शहाणी सवय कामी येते. नवा रिसोर्स दिसला की तो प्रत्येक नोडवर एकदा विचारून येतो: हा इथे आधीच चालू आहे का? याला प्रोब म्हणतात. अ‍ॅक्टिव्ह नोड म्हणतो हो, दुसरा म्हणतो नाही. रिसोर्स जिथे असायला हवा तिथे तो आधीच आहे, म्हणजे सुरू करायचं काही उरलं नाही, म्हणजे खालचं थांबवायचंही कारण नाही. सीआरएम-मॉनवर (क्लस्टरची स्थिती दाखवणारी कमांड) नवा रिसोर्स "स्टार्टेड" दिसतो, शेजारी मेंटेनन्सची खूण. नाहीच दिसला तर एक रिफ्रेश मारायचा.

आणि आता, मेंटेनन्स मोड काढण्याआधी, या सॉफ्टवेअरमधलं माझ्या मते सगळ्यात मोलाचं हत्यार काढायचं: सीआरएम-सिम्युलेट. चालू क्लस्टरच्या कॉन्फिगरेशनची, म्हणजे सिबची, एक प्रत फाईलमध्ये घ्यायची, त्या प्रतीत मेंटेनन्स मोड फॉल्स करायचा आणि विचारायचं की असं केलं तर तू काय काय करशील. ते पुढच्या सगळ्या कृतींची यादी देतं. त्यात मॉनिटर सुरू करण्याव्यतिरिक्त काही नसेल, स्टॉप, रिस्टार्ट, मूव्ह यातला एकही शब्द नसेल, तर बिनधास्त मोड काढा. सन क्लस्टरवर इतकी वर्षं काढली, पण "तू काय करणार आहेस ते आधी सांग" असं विचारायची सोय माझ्या हातात कधी नव्हती. हाताने माउंट न करता आधीच सिम्युलेट केलंत तर मात्र ते रिस्टार्टच दाखवेल. प्रोबचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नसतं, तेव्हा घाबरून जाऊ नका.

काढून टाकण्याची गोष्ट याहून नाजूक. सरळ पीसीएस रिसोर्स डिलीट मारला तर तो आधी रिसोर्स थांबवायला जातो. ग्रुपच्या मधला रिसोर्स थांबवायचा म्हणजे त्याच्याखालचं सगळं थांबणार. म्हणून मी इथेही सिबच्या प्रतीवर काम करते: प्रतीतून रिसोर्स काढायचा, सिम्युलेट करून फक्त त्या एकाच फाईल सिस्टिमचा स्टॉप दिसतो याची खात्री करायची, मग ती प्रत पुश करायची. पेसमेकरला रिसोर्स चालू दिसतो पण कॉन्फिगरेशनमध्ये सापडत नाही, तो त्याला अनाथ समजून अनमाउंट करतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही.

पण पुश करण्याआधी त्या माउंटवर कोण बसलं आहे ते फ्यूजरने पाहून घ्या. एजंटचा फोर्स-अनमाउंट हा ऑप्शन मुळातच चालू असतो. अनमाउंट अडलं की तो त्या फाईल सिस्टिमवर फाईल उघडून बसलेल्या प्रोसेस शोधतो, आधी टर्म सिग्नल देतो, नाही ऐकलं तर किल. बॅकअपचा एजंट असो, कुणी त्या डिरेक्टरीत सीडी करून चहाला गेलेलं असो, भेदभाव नाही. फेलओव्हरच्या वेळी, म्हणजे काम एका नोडवरून दुसऱ्यावर जाताना, हे असंच निर्दय हवं. एका माउंटपायी सगळं अडकून पडण्यापेक्षा कुणाचा शेल मेलेला परवडतो. पण ठरवून काढताना तेवढी घाई नसते.

फाईल सिस्टिम मोठी करणं हे वरवर पाहता सर्वांत सोपं. लॉजिकल व्हॉल्यूम वाढवा, एक्सएफएस-ग्रोएफएस चालवा, माउंट असतानाच जागा वाढते. (लहान करायचं मनात आणू नका, एक्सएफएसमध्ये ते जमण्यातलं नाही. ईएक्सटी४ लहान होते, पण अनमाउंट करून.) पेसमेकरला यातलं काहीच सांगावं लागत नाही, त्याला साइजशी कर्तव्य नाही.

आणि हीच माझी मोठी तक्रार. व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जागा असेल तोवर ठीक. पण स्टोरेजवाल्यांनी लनच मोठा करून दिला असेल, तर अ‍ॅक्टिव्ह नोडवर प्रत्येक पाथ रीस्कॅन करायचा, मल्टिपाथचा मॅप रीसाइज करायचा, मग पीव्ही-रीसाइजने एलव्हीएमला नवा आकार कळवायचा. हे सगळं एका नोडवर झालं की काम झाल्यासारखं वाटतं: डीएफमध्ये नवा आकडा दिसतो, डीबीए खूश, चेंज तिकीट बंद. दुसऱ्या नोडचा कर्नल मात्र अजून जुनाच आकार धरून बसलेला असतो. त्या दिवशी काहीच होत नाही. काही महिन्यांनी फेलओव्हर होतो, तिथला एलव्हीएम मेटाडेटा वाचतो, त्यात लिहिलेला आकार समोरच्या डिव्हाइसपेक्षा मोठा निघतो, आणि व्हॉल्यूम उघडायला तो नकार देतो. ज्या रात्रीसाठी हा सगळा खटाटोप केला, नेमक्या त्या रात्री दुसरा नोड बिनकामाचा. पेसमेकर स्टँडबाय, म्हणजे रिकाम्या बसलेल्या, नोडवर रिसोर्स "चालू नाही ना" एवढंच पाहतो. "वेळ आली तर चालेल का" हे कधीच तपासत नाही.

दुसरी तक्रार मॉनिटरबद्दल. फाईलसिस्टिम एजंटची मूळ तपासणी, म्हणजे लेव्हल ०, फक्त माउंटच्या यादीत नाव आहे का ते बघते. डिस्क गेली, एक्सएफएसने चूक पकडून स्वतःला शटडाउन करून घेतलं, ईएक्सटी४ रीड-ओन्ली झाली, तरी माउंटच्या यादीत नाव असतंच. क्लस्टर हिरवागार, अ‍ॅप्लिकेशनच्या लॉगमध्ये मात्र आय-ओ एररचा पाऊस. याहून खोल तपासण्या एजंटमध्ये आहेत: लेव्हल १० डिव्हाइसचे पहिले १६ ब्लॉक वाचून बघते, लेव्हल २० फाईल सिस्टिमवर एक छोटी स्टेटस फाईल लिहून परत वाचते. त्या तुम्ही मागितल्याशिवाय चालत नाहीत. मी डेटाच्या प्रत्येक माउंटवर लेव्हल २० लावते.

तीही आंधळेपणाने लावू नये. रात्री बॅकअप चालू असताना स्टोरेज गुदमरलेलं असतं, ती छोटीशी फाईल लिहायलाही वेळ लागतो. एजंट मॉनिटरसाठी सुचवतो तो ४० सेकंदांचा टाइमआउट उलटला की पेसमेकर समजतो रिसोर्स बिघडला, आणि रिस्टार्ट करायला निघतो. रिस्टार्ट म्हणजे डेटाबेस थांबवणं, मग अनमाउंट. अनमाउंटही त्याच गुदमरलेल्या डिस्कवर, तेही वेळेत होत नाही. आणि स्टॉप फेल झाला की नोड फेन्स, म्हणजे थेट पॉवर कट. डिस्क जराशी मंद झाली होती, तिचं पर्यवसान नोड उडण्यात. म्हणून लेव्हल २० च्या मॉनिटरला वेगळा, लांबचा इंटरव्हल आणि सढळ टाइमआउट द्या, आणि लेव्हल ० नेहमीच्या वेगाने चालू राहू द्या. एकाच रिसोर्सला दोन मॉनिटर लावता येतात, फक्त त्यांचे इंटरव्हल वेगळे हवेत.

स्टॉप फेल झाला की नोड मारणं हे ऐकायला क्रूर वाटतं, आणि नव्याने आलेली मुलं पहिल्यांदा हेच बंद करायला बघतात. स्टोनिथ-एनेबल्ड (स्टोनिथ म्हणजे हेच फेन्सिंग) फॉल्स केलं की लॅबमध्ये कटकट संपते, खरं आहे. पण विचार करा: एका नोडवरून फाईल सिस्टिम निघाली की नाही हेच माहीत नसताना दुसऱ्यावर माउंट केली तर? एक्सएफएस ही क्लस्टर फाईल सिस्टिम नव्हे. दोन कर्नल एकाच वेळी तिच्यात लिहायला लागले की मेटाडेटाचा चुराडा होतो, मग हाती उरतो तो कालचा बॅकअप. या बाबतीत पेसमेकरचा हट्टीपणा मला पूर्ण मान्य आहे. स्टोनिथ मुळात चालू असतो आणि फेन्सिंगचं डिव्हाइस दिलं नाही तर तो रिसोर्स सुरूच करत नाही. एजंटही तेवढाच खमका. एक्सएफएसचा रिसोर्स क्लोन करून दोन्ही नोडवर चालवायचा प्रयत्न केलात तर लॉगमध्ये चक्क "डेंजर!" असं ओरडून ही फाईल सिस्टिम क्लस्टरसाठी नाही असं सांगतो आणि काम नाकारतो. एलव्हीएमच्या सिस्टिम आयडीची भिंत आणखी वेगळी: व्हॉल्यूम ग्रुपवर ज्या नोडचं नाव आहे त्यालाच तो उघडता येतो.

ठरवून फेलओव्हर करून बघायचा असेल तर मी चालू नोड स्टँडबाय करते, म्हणजे त्यावर काही चालवू नको असं क्लस्टरला सांगते, रिसोर्स मूव्ह वापरत नाही. पीसीएसच्या जुन्या आवृत्त्यांत मूव्ह केलं की मागे एक लोकेशन कन्स्ट्रेंट (कुठल्या नोडवर चालावं याचा नियम) राहून जातो, "सीएलआय-प्रिफर" अशा नावाचा. पुढे कधीतरी ग्रुप न विचारता त्याच नोडकडे धाव घेतो तेव्हा त्याचा शोध लागतो. ०.११ पासून पीसीएस तो स्वतःच काढून टाकतं, उशिरा का होईना. स्टिकिनेसही (रिसोर्सने आहे त्या नोडवर चिकटून राहण्याचा जोर) बघून घ्या. पेसमेकरचं मूळ मूल्य शून्य आहे, आणि बरा होऊन परत आलेल्या नोडकडे रिसोर्स धावत सुटणं प्रॉडक्शनमध्ये कुणालाच नको असतं.

एनएफएसबद्दल, म्हणजे नेटवर्कवरून फाईल सिस्टिम वाटण्याबद्दल, थोडक्यात: त्याच फाईल सिस्टिम एक्सपोर्ट करत असाल तर एक्सपोर्टला एफएसआयडी (फाईल सिस्टिमची ओळख) स्वतः द्या आणि ती दोन्ही नोडवर सारखी ठेवा, नाहीतर फेलओव्हरनंतर क्लायंटकडे "स्टेल फाईल हँडल". आणि एनएफएस ४ चा ग्रेस पीरियड (क्लायंटना जुने लॉक परत मागायला दिलेला वेळ) मुळात ९० सेकंदांचा असतो, तेव्हा फेलओव्हर झाल्यावर लगेच "लॉक मिळत नाही" म्हणून पॅनिक होऊ नका.

लॉग मात्र वाचवत नाहीत. एका अनमाउंटमागे शेड्यूलर, कंट्रोलर, एक्झिक्यूटर असे तिघे बोलतात आणि कामाची ओळ मधेच कुठेतरी असते. एकदा झालेल्या चुकीची नोंद क्लीनअप करेपर्यंत स्टेटसमध्ये लटकून राहते, त्यामुळे मागच्या आठवड्याचं दुखणं आजचं समजून लोक धावपळ करतात.

मी पाचपैकी चार देते. ज्यांच्याकडे एका वेळी एकाच नोडवर चालणाऱ्या फाईल सिस्टिम आहेत आणि शेल स्क्रिप्ट वाचायचा कंटाळा नाही, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. दोन्ही नोडवरून एकदम लिहायचं असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२, डीएलएम, एलव्हीएम-लॉकडी हा वेगळाच संसार आहे आणि हे मत तिथे लावू नका. कापलेला एक गुण स्टँडबाय नोडबद्दलच्या बेफिकिरीचा. ती उणीव मी एका छोट्या स्क्रिप्टने भागवते. रोज पहाटे ती दोन्ही नोडवर जाते, प्रत्येक मल्टिपाथ डिव्हाइसचा बाइटमधला आकार ब्लॉकडेव्हने विचारते, सिबमध्ये असलेल्या प्रत्येक माउंटची डिरेक्टरी दोन्हीकडे आहे का बघते, एफएसटॅबमध्ये त्यातलं एखादं नाव शिरलं आहे का तेही बघते, आणि कुठे फरक दिसला तर मेल करते.